ट्यूमर टेस्टच्या फॉर्मवर सही करताना तुम्ही काय केलंत?

अनुजा_कराड
नमस्कार मंडळी. आईचं (वय ६१) गेल्या महिन्यात अंडाशयाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं. आता डॉक्टरांनी काढलेल्या गाठीची जीन टेस्ट सांगितलीये, बीआरसीए (कॅन्सरशी संबंध असलेली जनुकं) आणि एचआरडी (पेशींची डीएनए दुरुस्त करायची क्षमता बिघडलीये का ते), त्यावर पुढच्या गोळ्या चालतील की नाही ते ठरणार आहे. काल लॅबचा माणूस घरी येऊन फॉर्म देऊन गेला. पाच पानं, सगळी इंग्लिशमध्ये. पहिली तीन पानं टेस्टबद्दल आहेत, ती कळली. चौथ्या पानावर एकदम बारीक अक्षरात असं आहे की उरलेला टिश्यू आम्ही ठेवून संशोधनाला वापरू, नाव काढून रिपोर्ट आणि केसपेपरची माहिती "सहयोगी संस्था व कंपन्या" यांना देऊ, आणि पुढे काही नवीन कळलं तर तुमच्याशी संपर्क करू. या तिन्हीला मिळून चौकट एकच. टिक केली की तिन्हीला हो.

मी विचारलं की फक्त टेस्ट करायची असेल तर? तर म्हणाला ताई सगळेच करतात, टिक नसेल तर सॅम्पल पुढे जायला अडचण येते. दादा म्हणतो करून टाक, उगाच वेळ घालवू नको. मला काही ते पटेना, रात्री दोनदा उठून ते पान वाचलं. संशोधनाला माझा विरोध अजिबात नाही, पण कोणाकडे काय जाणार हे कळायला तर हवं ना? तुम्ही यातून गेला असाल तर सांगा प्लीज.

गावरान_मिरची
आधी आईंना लवकर बरं वाटू दे. माझं मत विचारशील तर उपचार थांबता कामा नये, बाकी सगळं नंतर. बाबांच्या वेळी आम्ही कुठे काय सही केली ते आता आठवतही नाही.

नाशिकचा_मायक्रोस्कोप
अनुजाताई, मी पॅथॉलॉजिस्ट आहे. पहिली गोष्ट, टिक नसेल तर सॅम्पल अडकतं हे चूक आहे. टेस्टची संमती वेगळी, संशोधनाची वेगळी. दुसरीला नाही म्हटलं म्हणून पहिली टेस्ट नाकारता येत नाही. आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं आहेत, त्यात टप्प्याटप्प्याने संमती घ्यायचा पर्याय स्पष्ट दिलाय, म्हणजे याला हो, त्याला नाही, असं वेगवेगळं सांगता आलं पाहिजे. आणि त्यातच असंही आहे की नमुना पेशंटचा असतो, संस्था तो फक्त सांभाळते.

दुसरी गोष्ट कोणी सांगत नाही म्हणून सांगतो. ऑपरेशनमध्ये काढलेल्या गाठीचे तुकडे मेणात बसवून ठेवतात, त्याला आम्ही ब्लॉक म्हणतो. दिसायला चौकोनी पेढ्याएवढी मेणाची वडी, मध्ये फिकट तपकिरी ठिपका, तो टिश्यू. प्रत्येक टेस्टला त्यातून केसापेक्षा कितीतरी पातळ काप काढतात. तो ठिपका संपतो हो! दोन वर्षांनी आजार परत आला आणि नवीन टेस्ट करायची वेळ आली तर हाच ब्लॉक लागतो. त्यामुळे "उरलेला टिश्यू" हा शब्द वाचताना विचारा की आईसाठी किती शिल्लक ठेवणार आणि ब्लॉक परत कधी देणार. लेखी घ्या.

अनुजा_कराड
बाप रे, हे माहीतच नव्हतं. आम्ही तर समजत होतो की उरलेलं फेकूनच देतात. खूप आभार डॉक्टर.

रमाकांत_कोथरूड
मी जरा वेगळं बोलतो, राग मानू नका. माझ्या बायकोला २०२२ मध्ये ब्रेस्ट कॅन्सर झाला. जीन टेस्टमध्ये एक बदल सापडला आणि पुढे लिहिलं होतं "अर्थ अनिश्चित". आम्ही समुपदेशक मॅडमना विचारलं की अनिश्चित म्हणजे काय, चांगलं का वाईट? त्या म्हणाल्या, काका, हा बदल धोक्याचा आहे की कितीतरी लोकांत असतो तसा साधाच आहे हे सांगायला तशा लोकांची माहिती लागते, आणि जगभरच्या संग्रहांत जास्त करून युरोपियन वंशाचे लोक आहेत, आपले फार कमी. हे ऐकल्यावर मी घरी येऊन नुसता बसून राहिलो. म्हणजे माझ्या मुलीला धोका आहे की नाही हे मला कळत नाही, कारण आपल्यापैकी पुरेशा लोकांनी माहिती दिलेली नाही किंवा त्यांना कोणी विचारलेलंच नाही.

आता कुठे काम सुरू झालंय. आपल्या पुण्यातूनच इंडियन कॅन्सर जीनोम ॲटलासचं काम चालतं, २०२४ मध्ये त्यांनी ५० ब्रेस्ट कॅन्सर पेशंटची माहिती संशोधकांसाठी खुली केली. पन्नास! एवढ्या मोठ्या देशात पन्नासपासून सुरुवात. म्हणून मी म्हणतो द्या. बायकोने तर सगळ्याला हो म्हटलं.

शिरीष_प
काका, भावना समजते पण "द्या" म्हणणं इतकं सोपं नाहीये. घेणारा कोण आहे? सरकारी संस्था, विद्यापीठ, टाटासारखं हॉस्पिटल असेल तर गोष्ट वेगळी. इथे लॅब खासगी आहे, टेस्टचे पैसे आपल्याकडूनच घेते, मग तोच डेटा कंपनीला देते, त्यातून औषध निघतं आणि ते महिन्याला कितीला पडतं हे या धाग्यावरच्या लोकांना मी सांगायला नको. हेन्रिएटा लॅक्स नावाची बाई होती, अमेरिकेत बाल्टिमोरला. १९५१ मध्ये तिच्या गर्भाशयमुखाच्या गाठीच्या पेशी न विचारता घेतल्या, त्या जगभर विकल्या गेल्या, आणि तिच्या घरच्यांना वर्षानुवर्षं पत्ताच नव्हता. एका कंपनीशी त्यांची तडजोड झाली ती २०२३ मध्ये. ती बाई १९५१ मध्येच गेली होती.

रमाकांत_कोथरूड
शिरीष, तुझा मुद्दा खोटा नाही. पण त्याच पेशींवर पोलिओच्या लशीचं काम झालं हेही खरं ना? मला दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या वाटतात आणि म्हणूनच त्रास होतो.

शिरीष_प
मग विचारून घ्या ना! तिला विचारलं असतं तर कदाचित ती हो म्हणाली असती. माझं भांडण घेण्याशी नाही, न विचारता घेण्याशी आहे.

बार्शीकर
आमच्याकडचं सांगतो. कॅन्सर रजिस्ट्री म्हणजे कुठल्या भागात कोणाला कुठला कॅन्सर झाला याची नोंद. मुंबईची १९६३ पासून आहे, आणि देशातली पहिली खेड्यांची रजिस्ट्री आमच्या बार्शीची, १९८७ ची. बार्शी, परांडा, भूम या तीन तालुक्यांतली ३४६ गावं. माझी आजी सांगायची, माणसं गाडीतून यायची, पारावर बसून बोलायची, कोणाला अंगावरून जास्त जातंय का, तोंडात जखम आहे का, विचारायची आणि दवाखान्यात घेऊन जायची. त्या बायका आधी पदर तोंडाला लावून गप्प बसायच्या, मग हळूहळू बोलायला लागल्या. तिथे फॉर्म होता का, सही होती का, मला माहीत नाही. पण येणारा माणूस ओळखीचा होता, परत यायचा, आणि नुसती माहिती घेऊन जात नव्हता, बाईला उपचाराला नेत होता.

आणि दुसरी बाजूही सांगतो. उस्मानाबाद जिल्ह्यात (आताचा धाराशिव) गर्भाशयमुखाच्या कॅन्सरवर मोठा अभ्यास झाला, ३० ते ५९ वयाच्या एक लाख तीस हजारांवर बायका. २००९ मध्ये निष्कर्ष आले की एचपीव्हीची (हा कॅन्सर ज्या विषाणूमुळे होतो तो) एकच तपासणी केली तरी मृत्यू जवळजवळ निम्म्याने कमी होतात. जगभर तपासणीचे नियम ठरवताना आमच्या बायकांचे हे आकडे वापरले जातात, मला त्याचा अभिमान आहे. पण तुलनेसाठी जो गट होता त्यातल्या बायकांना तपासणी मिळाली नाही, नुसती माहिती दिली, आणि त्यातल्या काही जणी गेल्या. यावर पुढे बरीच टीका झाली, त्यांना सगळं नीट समजावून संमती घेतली होती का हा प्रश्न विचारला गेला. त्या गावांत माझे नातेवाईक आहेत. आकडे वाचताना मला त्यांचे चेहरे दिसतात.

खारी_आणि_चहा
बार्शीकर, हे सगळं वेगळ्या धाग्यात सविस्तर लिहा. खरंच लिहा.

सई_न्यूजर्सी
इथे अमेरिकेत एक वेगळीच गंमत (गंमत कसली) होते. २०२१ पासून नियम असा की रिपोर्ट तयार झाला की तो लगेच पेशंटच्या ॲपवर दिसला पाहिजे. हक्क म्हणून छानच आहे. पण मी बायोप्सीचा रिपोर्ट मुलाच्या सॉकर प्रॅक्टिसच्या पार्किंगमध्ये गाडीत बसून वाचला. डॉक्टरांचा फोन दुसऱ्या दिवशी आला. आता कोणतीही टेस्ट करायच्या आधी मी ठरवून ठेवते की रिपोर्ट कधी आणि कोणासोबत उघडायचा. अनुजा, तुझ्या आईचा रिपोर्ट कोणाच्या मोबाईलवर येणार आहे ते आत्ताच बघ. लॅबच्या फॉर्मवर ज्याचा नंबर टाकशील त्याला लिंक येईल.

मुग्धा_सांगली
सई, अगदी अगदी. सगळे कंपन्यांचं बोलताय, आमच्याकडे माहिती फुटली ती फॅमिली ग्रुपवर. माझ्या मोठ्या बहिणीचा बीआरसीए पॉझिटिव्ह आला. जिजूंनी घाबरून पीडीएफ एका काकांना पाठवली, काका चांगले, त्यांच्या ओळखीचे डॉक्टर, म्हणून त्यांनी पुढे पाठवली, आणि चार दिवसांत ती ४३ जणांच्या ग्रुपवर! नाव, वय, सगळं. माझ्या चुलत बहिणीचं लग्न ठरत होतं. त्या लोकांनी थेट काही म्हटलं नाही, फक्त विचारलं "तुमच्याकडे आनुवंशिक आहे का हो काही?" आणि बोलणं थांबलं. चुलत बहिणीची तर टेस्टही झालेली नव्हती. ताई केमोमध्ये असताना सगळ्यांची माफी मागत होती. कशाबद्दल माफी? दोन वर्षं झाली तरी मला ते आठवलं की घशात आवंढा येतो.

नाशिकचा_मायक्रोस्कोप
मुग्धाताई, फार वाईट वाटलं. यानिमित्ताने एक सांगतो. गाठीच्या टेस्टमध्ये सापडलेला बदल नुसता गाठीतला असू शकतो, किंवा जन्मापासून शरीरात असलेला. बीआरसीए गाठीत सापडला तर रक्ताची वेगळी टेस्ट करून खात्री करतात. जन्मजात असेल तर मुलगा असो की मुलगी, प्रत्येक अपत्यात तो येण्याची शक्यता निम्मी. म्हणजे अनुजाताई, हा रिपोर्ट एका अर्थी तुमचाही आहे, तुमच्या दादाचाही. पण सांगायचा की नाही आणि कोणाला, हे आधी तुमच्या आईने ठरवायचं.

काळा_कोट
कायद्याचं थोडक्यात. २०१७ मध्ये पुट्टस्वामी खटल्यात सुप्रीम कोर्टाने खासगीपणा मूलभूत हक्क मानला. डेटा संरक्षणाचा कायदा २०२३ चा, नियम आले नोव्हेंबर २०२५ मध्ये आणि मुख्य तरतुदी त्यानंतर १८ महिन्यांनी लागू होतात. त्यात संमती कशी हवी? मोकळेपणाने दिलेली, नेमक्या कारणासाठी, समजून, बिनशर्त. "टेस्ट हवी तर हेही द्या" हे बिनशर्त होत नाही. संमती मागे घेणं हे देण्याइतकंच सोपं असलं पाहिजे. आणि सगळ्यात महत्त्वाचं, सूचना इंग्लिशमध्ये किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या २२ भाषांपैकी कुठल्याही भाषेत वाचायचा पर्याय द्यायचा आहे. मराठी त्यात आहे! आत्तापासून मागायला लागा. मागितल्याशिवाय कोणी छापणार नाही.

विम्याबद्दल कोणी विचारायच्या आत सांगतो. २०१८ मध्ये दिल्ली हायकोर्टाने "जेनेटिक आजार" असं सरसकट कारण देऊन क्लेम नाकारणं चुकीचं ठरवलं. पण अमेरिकेत २००८ पासून जनुकीय भेदभावाविरुद्ध जसा स्वतंत्र कायदा आहे तसा आपल्याकडे नाही. म्हणून नाव काढून म्हणजे नक्की काय काय काढून, हे विचाराच. लहान गाव, वय ६१, दुर्मिळ आजार एवढं राहिलं तरी माणूस ओळखता येतो.

खारी_आणि_चहा
कोटसाहेब, फी किती झाली?

काळा_कोट
एक कटिंग आणि खारी. नावातच आहे तुमच्या.

गावरान_मिरची
ब्लॉकवरून आठवलं. मावशीचा ब्लॉक सेकंड ओपिनियनला परळला न्यायचा होता, काका तो स्टीलच्या पोहे-डब्यात रुमालात गुंडाळून एसटीने घेऊन गेले, ऐन मे महिन्यात, मांडीवर. वाटेत शेजारच्या बाईने विचारलं काय आहे हो एवढं जपताय, तर म्हणाले "बायको आहे." आम्ही अजून आठवण काढून हसतो आणि रडतोही.

नाशिकचा_मायक्रोस्कोप
काकांना माझा नमस्कार सांगा. बरोबर नेला त्यांनी. गाडीच्या डॅशबोर्डवर मात्र कोणी ठेवू नका, मेण आहे ते.

निर्मला_मावशी
मी शांतपणे सगळं वाचत होते. माझा ब्रेस्ट कॅन्सर २०१४ चा, अकरा वर्षं झाली. अनुजा बाळा, एवढं सगळं लिहिलंस, दादा काय म्हणतो ते लिहिलंस, लॅबवाला काय म्हणतो ते लिहिलंस. आई काय म्हणते ते कुठेच नाही. फॉर्म कोण भरतंय?

अनुजा_कराड
मावशी, कालपासून तुमच्या प्रश्नाचं उत्तर टाइप करतेय आणि खोडतेय.

आईला आम्ही फक्त "गाठ होती, काढली" एवढंच सांगितलंय. कॅन्सर हा शब्द घरात कोणी उच्चारत नाही. फाइल दादाच्या कपाटात असते. ऑपरेशनच्या फॉर्मवर तिने सही केली तेव्हा दादाने पानावर हात ठेवून फक्त सहीची जागा दाखवली होती. मी तिथेच उभी होते.

गावरान_मिरची
अनुजा, यात स्वतःला दोष देऊ नको. आम्हीही बाबांना शेवटपर्यंत सांगितलं नाही. त्यांचा बीपी, त्यांचा स्वभाव, सगळं बघून ठरवलं होतं. प्रत्येक माणसाला सांगितलंच पाहिजे असं मला आजही वाटत नाही.

निर्मला_मावशी
मिरची, तुमच्या बाबांना तुम्ही ओळखत होतात, मी त्यावर बोलणार नाही. माझं सांगते. माझ्या घरच्यांनीही पहिले तीन आठवडे लपवलं. मला कधी कळलं? केमोच्या वॉर्डात शेजारच्या खाटेवरची बाई म्हणाली, "तुमचा कितवा?" तोवर मला वाटत होतं की ताकदीचं सलाइन आहे. मला आजाराने जेवढं दुखलं नाही तेवढं त्याने दुखलं. सगळ्यांना माहीत, खाटेशेजारच्या बाईलाही माहीत, मलाच नाही. आणि आता तुम्ही लॅबला, तिथल्या संगणकाला, परदेशातल्या कंपनीला सांगायला निघालात आणि जिचं शरीर आहे तिला नाही?

रमाकांत_कोथरूड
मावशी, तुमचं वाचून मी लॅपटॉप बंद करून बायकोकडे गेलो. वर मी लिहिलंय की तिने सगळ्याला हो म्हटलं. तिला विचारलं तर म्हणाली, "तुम्ही फॉर्म पुढे केलात आणि मी सही केली." तिला वाचून दाखवायचं राहिलंच होतं. काल रात्री वाचून दाखवला. तिने परत हो म्हटलं, पण दोन प्रश्न विचारून.

शिरीष_प
काका 🙏

नाशिकचा_मायक्रोस्कोप
अनुजाताई, सांगायचं ठरलं तर तुम्ही एकट्या सांगू नका. ऑन्कोलॉजिस्टना आधी फोन करा की आईला कॅन्सर माहीत नाही, पुढच्या भेटीत तुम्ही सांगाल का, आम्ही सोबत बसतो. आधी आईंना विचारायचं, "तुला किती जाणून घ्यायचंय?" काही पेशंट म्हणतात मुलांना विचारा, मला नको. तेही त्यांचंच उत्तर, मग तुम्ही फॉर्म भरा. पण विचारायचं. आणि टिश्यू तोवर खराब होत नाही, ब्लॉक वर्षानुवर्षं टिकतो. गोळ्यांच्या निर्णयाला किती दिवस थांबता येईल तेवढं डॉक्टरांना विचारून घ्या.

अनुजा_कराड
पाच दिवसांनी लिहितेय.

दादाशी भांडण झालं, मग तो रडला, मग आम्ही दोघं आईला घेऊन डॉक्टरांकडे गेलो. डॉक्टरांनी अगदी तुम्ही म्हणालात तसंच विचारलं. आई म्हणाली, "मला बिलाच्या पाकिटावर नाव दिसलं होतं दवाखान्याचं, त्यात कॅन्सर लिहिलंय. तुम्ही बोलत नव्हतात म्हणून मीही बोलले नाही." दादाने तिचा हात धरला तो बाहेर येईपर्यंत सोडला नाही.

माझी आई अंगणवाडीत ३१ वर्षं होती. घरी आल्यावर चष्मा लावून म्हणाली, दाखव तो फॉर्म. मी मराठीत एकेक ओळ सांगत गेले. ती मध्येच म्हणाली, "म्हणजे आमच्या वजनाच्या रजिस्टरसारखं. गावातली पोरं किती कुपोषित ते वर जायचं, नावं नाही जायची." मग म्हणाली, "पण ते रजिस्टर कोणी विकत नव्हतं." तिने ती एकच चौकट तशीच मोकळी ठेवली आणि खाली तिच्या त्या शाळेतल्या अक्षरात लिहिलं: संशोधनाला चालेल, नाव-गाव काढून. कंपनीला द्यायचं तर आधी मला विचारावे. नवीन काही कळले तर कळवावे, मला नात आहे. मेणाची वडी परत हवी. सही, तारीख, आणि खाली स्वतःचा मोबाईल नंबर. दादाचा खोडून.

लॅबचा माणूस म्हणाला असं हाताने लिहिलेलं चालत नाही. मी कोटसाहेबांची पोस्ट वाचून दाखवली, तर त्याने ऑफिसला फोन लावला. वीस मिनिटांनी म्हणाला चालेल, त्याचा फोटो काढून पाठवतो. फॉर्मची मराठी प्रत आहे का विचारलं, नाही म्हणाला, पण साहेबांना सांगतो म्हणाला. सॅम्पल काल गेलं. तीन आठवडे लागतील. रिपोर्ट आईच्या फोनवर येणार आहे आणि मी शनिवारी घरी आल्याशिवाय ती तो उघडणार नाही असं तिने सांगून ठेवलंय.

मुग्धा_सांगली
"मला नात आहे." अनुजा, काकूंना माझा नमस्कार. हे ताईला वाचून दाखवणार आहे.

निर्मला_मावशी
आईचं नाव काय गं? इथे नको लिहूस, मला व्यनि (खासगी निरोप) कर. केमोच्या दिवसांत कंटाळा येतो, मी रोज दुपारी मोकळी असते, फोन करेन म्हणते.

बार्शीकर
त्या फॉर्मच्या खालच्या चार ओळींचा फोटो टाकता येईल का? नाव आणि नंबर झाकून. आमच्याकडे पुढच्या आठवड्यात चुलत्याचा फॉर्म भरायचाय. आणि आधी आईंना विचारून, अर्थात.

अनुजा_कराड
विचारलं. हो म्हणाली. संध्याकाळी टाकते, आत्ता ती झोपलीये.